सोबत जोडलं आहे

चिपुंझांनी बाराशे डॉलर सांगितले.
तेवढ्यात आमच्या घरावर छप्पर चढलं होतं,
दोन खिडक्यांसकट.
मी म्हटलं, बघतो.
ते म्हणाले, बघणारे सगळे
शेवटी माझ्याच दारात येतात,
नकाराचं पत्र घेऊन.

म्हणून आता बुलावायोत रात्री अकरानंतर,
वीज आली की
थोकोझिले इस्त्री करते, मी अर्ज.
टेबलावर तडकलेल्या काचेचा फोन,
नोमालांगा वाचते, मी सांगतो, ती टिपते.
पंधराची आहे. इंग्रजी माझ्याहून बरं.

"बाबा, तुम्ही नेमकं काय करता, विचारलंय."
जोडतो, लिही.
"काय जोडता?"
बॉयलरच्या नळ्या. रेल्वेच्या वाघिणी.
दूध डेअरीच्या टाक्या,
आणि एकदा चर्चची घंटा, तडा गेलेली.
भेग बुजली. आवाज नाही जोडता आला.
"शंभरच अक्षरं आहेत."
मग वेल्डर लिही.

आणि जोडायचे कागद:
क्षय नसल्याचा दाखला,
गुन्हा नसल्याचा दाखला,
इंग्रजी असल्याचा.
अठ्ठावीस दिवस बँकेत न हललेले पैसे.
आमचे पैसे अठ्ठावीस तास एका जागी बसत नाहीत.
हे मेव्हण्याचे आहेत,
तो रोज सकाळी फोन करून विचारतो,
आहेत ना?

जन्मदाखल्यावरच्या मथुलिसीत एक एच जास्त,
पासपोर्टवरच्यात नाही.
त्या एका अक्षरापायी
नोंदणी कचेरीत तीन खेपा,
तिसऱ्या खेपेला बाई म्हणाली,
तुम्ही दोघं भाऊ आहात का?

पान अकरा.
नोमालांगा थांबली, मग हळू वाचलं:
"कुठल्याही देशाने तुम्हाला कधी
बाहेर काढलं आहे का?"
हो. नाही.
दोन गोल, डाळीएवढे, रिकामे.

इस्त्रीचा आवाज थांबला.

मी वीसचा होतो. मुसिनाच्या बाहेर
जाळीचा ट्रक. एक माणूस काठीने डोकी मोजत होता,
चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
शेजारच्या म्हातारीच्या मांडीवर रॉकेलचा स्टोव्ह,
तिने अख्ख्या परदेशातून तेवढाच वाचवलेला.
पुलाशी उतरवलं. अंगठ्याला शाई.
ती मी पँटला पुसली.
लग्नाला महिना झाला होता.
घरी सांगितलं, रजा मिळाली,
आणि हे ग्रीस आहे.

"ग्रीस निळं नसतं," थोकोझिले म्हणाली
सतरा वर्षांनी,
आणि कॉलरवरून इस्त्री फिरवली.

चिपुंझा असते तर म्हणाले असते, नाही लिहा,
सगळे नाहीच लिहितात.
खरं असेल. पण जोडकामातलं एक मला ठाऊक आहे:
आत पोकळी राहिली तर वरून रंग देता येतो,
तपासनीसही सही करून जातो.
मग एक दिवस दाब चढतो.

हो, म्हटलं.
दाबलं, तर खाली नवा रकाना उघडला:
तपशील द्या. हजार अक्षरांपर्यंत.
माझ्या हातांच्या कामाला शंभर,
त्या एका ट्रकला हजार.

नोमालांगा टेबलावरच डोकं टेकून झोपली.
मी एका बोटाने लिहीत राहिलो.
तारीख आठवली, वार नाही.
काठीवाला लिहिला नाही.
म्हातारीचा स्टोव्ह लिहिला,
खोडला,
त्यांना तिच्या स्टोव्हशी काय करायचंय,
मग परत लिहिला.

चारला वीज गेली.
फोनच्या उजेडात थोकोझिले कपड्यांच्या घड्या घालत होती.
बॅटरी नऊ टक्के.
"पाठवू नका एवढ्यात,"
नोमालांगा डोळे न उघडता म्हणाली,
"सकाळी मी शुद्धलेखन बघते."